सातचे हवामान, दहाचे उड्डाण

सोमवार, सकाळी सात: घाटमाथ्याची विचारणा. जबाबदार मी. सोमवार, सकाळी दहा: विमान सोडले. जबाबदार मी आणि आमचे संचालक. बुधवार, दुपार: नोंद बदलली. जबाबदार तेच दोघे. या यादीत वैमानिक कॅप्टन पिंगळे यांचे नाव नाही. शिक्षा मात्र त्यांना एकट्यांना झाली.

नव्वदच्या दशकात मी नाशिकमधील एका खासगी विमान कंपनीत डिस्पॅचर होतो. हवामानाची खात्री करून उड्डाणाच्या कागदावर सही करणे, हे माझे काम. घाटमाथ्यावर हवामान केंद्र नव्हते. म्हणून तेथील पीसीओवाल्या भाऊसाहेबांना फोन करून विचारायचे, "समोरचा कडा दिसतो का?" प्रत्येक उड्डाणाच्या पंधरा मिनिटे आधी विचारावे, असा आमचा लेखी नियम होता.

त्या पावसाळी सोमवारी सव्वासातच्या उड्डाणासाठी सात वाजता विचारले, तेव्हा कडा दिसत होता. प्रवासी मात्र देवळाली कॅम्पहून दहाला आले. मी पुन्हा फोन उचलला.

"आता काय, शिरसाठ? पाहुणे विमानात बसलेत," संचालक म्हणाले. "तीन तासांत कडा कोणी उचलून नेला का?"

सगळे हसले. मीही हसलो आणि फोन खाली ठेवला. सातचे उत्तर दहाच्या वेळेसमोर लिहिले व सही केली.

विमान गेल्यावर भाऊसाहेबांचाच फोन आला. "साहेब, आत्ता विमान गेलं, लय खालून. कडा तर नऊपासून दिसत नाय. आज इचारलं नाय तुम्ही?"

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा डोंगर ओलांडून आपल्या बाजूला खाली कोसळतो. लहान विमानाला त्याविरुद्ध वर चढण्याइतकी ताकद नसते. ढगांमुळे कॅप्टन आधीच खालून जात होते. कडा दिसेना म्हणून ते वळले आणि त्या वाऱ्याने विमान दाबले. त्यांनी ते भातखाचरात उतरवले. प्रवासी वाचले, कॅप्टनचा पाय मोडला.

बुधवारी संचालकांनी नवा कागद पुढे केला: 'ढगांची पूर्वसूचना वैमानिकास दिली होती.'

"सर, हे खोटे आहे."

"मग खरे काय ते लिहा. सही तुमचीच होती ना?"

एरवी महापालिकेला कायद्याची कलमे दाखवून पत्रे लिहिणारा मी. मला एकही कलम आठवले नाही. मी सही केली.

रुग्णालयात कॅप्टननी विचारले, "अण्णा, कडा दिसतोय असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"आधी पाय बरा होऊ द्या," मी म्हणालो.

चौकशीत माझा कागद ग्राह्य धरला गेला. त्यांचा परवाना गेला. ते पुन्हा कधी उडाले नाहीत.

सातचे हवामान दहा वाजता लिहिले की ती नोंद राहत नाही, खोटी साक्ष होते. माझा गुन्हा मी येथे कबूल केला आहे. बुधवारचे ते वाक्य कोणी सांगितले, याचे उत्तर तत्कालीन संचालकांनी स्वतःच्या नावाने, जाहीरपणे आणि कॅप्टन पिंगळे हयात असतानाच द्यावे.