जीपच्या टपावरचा तंबू आणि घाटघरच्या वाटेवरचा ओढा

गेल्या महिन्यात या ब्लॉगच्या एका वाचकाने विचारलं, "काका, गाडीच्या टपावर उघडणारा तंबू घ्यावा की जमिनीवरचा साधा? तुम्ही कधी टपावर झोपलायत का?"

झोपलोय. एक रात्र. तेव्हा असले तंबू दुकानात मिळत नव्हते, म्हणून तो मी स्वतःच बनवला होता. त्या दिवसांत मी बऱ्याच गोष्टी स्वतःच बनवत असे.

१९७१चा जानेवारी. मी नगरला एका कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. वय अठ्ठावीस, लग्नाला आठ महिने. लष्कराने लिलावात काढलेली एक जुनी जीप दोन हात फिरून माझ्याकडे आली होती आणि ती घेऊन भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघरपर्यंत जायचं माझ्या मनात होतं. मालती, म्हणजे माझी बायको, प्राथमिक शाळेत शिकवायची. तिला दोन दिवसांची रजा आणि जोडून रविवार मिळाला आणि बेत ठरला. प्रश्न राहिला झोपायचा.

खरं कारण आज सांगायला हरकत नाही. मला विंचवाची भयंकर भीती वाटते. त्यामुळे जमिनीवर झोपायचं नाही हे आधी ठरलं, मग त्याला मी तांत्रिक कारणं शोधली: हवा खेळती राहते, ओल लागत नाही, देखावा चांगला दिसतो. ड्रॉईंगशीटवर समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रं काढली. जीपला चार लोखंडी खांब, त्यावर अँगलची चौकट, चौकटीत सागाच्या फळ्या आणि त्यावर कॅनव्हासचा तंबू. चढायला शिडी. चित्र इतकं देखणं झालं की मी ते भिंतीवर लावलं.

कॅनव्हास शिवायला माळीवाड्याच्या बाजूला रहीमचाचांकडे गेलो. ते तीस वर्षं ताडपत्र्या आणि तंबू शिवत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र पाहिलं.

"साहेब, तंबू वर नेला की त्याचं शीड होतं. तुम्ही जीप घेतली का होडी?"

"चाचा, चौकट मजबूत आहे."

"चौकट मजबूत असंल. गाडी किती जड होईल वरून? माझं ऐका. ही एक ताडपत्री घ्या, जीपच्या कडेला बांधा, पुढं दोन बांबू लावा. झाली पडवी. दहा मिनिटांचं काम."

मी त्यांना वजनाचं गणित समजावलं. ते ऐकून घेऊन त्यांनी निमूटपणे माप घेतलं. तयार तंबू न्यायला गेलो तेव्हा मात्र त्यांनी ती ताडपत्रीही गाडीत टाकली. "राहू द्या. परत आल्यावर बघू."

शुक्रवारी दुपारी आम्ही मनमाड रस्त्याला लागलो. राहुरीपर्यंत मजेत गेलो. म्हणजे मी मजेत होतो. प्रत्येक वळणावर वरून कुईकुई आवाज यायचा आणि मालती खांबाला धरून बसायची. संध्याकाळी कोल्हारला प्रवरेच्या काठी थांबलो. इथे थांबणाऱ्यांना सांगतो, नदीकाठची जागा सुरेख आहे आणि पेरू जरूर खा.

शिडी लावून तंबू उभारायला घेतला आणि अर्धं गाव जमलं. कोणी म्हणालं निवडणुकीचा प्रचार आहे, भाषण वरून होणार. पोरं म्हणाली सिनेमा आहे. मग एका म्हाताऱ्याने चौकशी केली, "हितं आपरेशन करत्यात का?" कुटुंबनियोजनाची गाडी आल्याची बातमी पसरताच पुरुष मंडळी हळूहळू पांगली. बायका मात्र थांबल्या.

रात्री खरी अडचण कळली. जीपच्या स्प्रिंगा तिच्या वयाला शोभेल अशा करकरत होत्या. आमच्यापैकी कोणी नुसती कूस बदलली तरी अख्खी गाडी डोलायची आणि आवाज पार नदीपलीकडे जायचा. आम्ही नवराबायको दोन लाकडी ओंडक्यांसारखे निश्चल पडून राहिलो. थोड्या वेळाने मालती कुजबुजली, "अहो, खाली झोपू या ना. लोक काय म्हणतील?"

मला ते लागलं. "तुला सुरुवातीपासूनच हे पसंत नव्हतं," असं काहीतरी बोलून मी पाठ फिरवली. तेवढ्यानेही स्प्रिंगा करकरल्याच.

सकाळी ती घागर घेऊन नदीवर गेली, तर धुणं धुणाऱ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसून हसत होत्या. ती लाल होऊन परत आली. मी विचारपूस केली नाही. लोणीवरून संगमनेर येईपर्यंत एक शब्द बोललो नाही. आपण दुखावलो आहोत हे तिला कळलंच पाहिजे, अशी माझी त्या काळी चोख व्यवस्था असे.

संगमनेरला चहा घेतला आणि पेट्रोलच्या टाकीबरोबर एक डबाही भरून घेतला, कारण पुढे भरवसा नव्हता. अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला पोहोचलो. तिथपर्यंत रस्ता बरा होता. पुढची घाटघरची वाट तेव्हा निव्वळ बैलगाडीची होती: लाल माती, सुटे दगड आणि मधून मधून ओढे. आता तिथे डांबर आहे, तुम्हाला काही वाटणार नाही.

तिसऱ्या ओढ्याला उतार डावीकडे होता. पाणी नव्हतं, नुसते गोटे. मी गिअर खाली घेतला आणि रुबाबात उतरलो. पुढचं उजवं चाक एका दगडावर चढलं आणि जीप डावीकडे कलली. मग आणखी कलली. वरची चौकट फळ्यांसकट त्या बाजूला ओढत होती. मागचं उजवं चाक जमिनीवरून सुटल्याचं मला बुडाखाली जाणवलं. डावीकडे मालती होती आणि तिच्या पलीकडे पुरुषभर खोल खड्डा.

मी ब्रेकवर पाय दाबून बसलो. दुसरं काही सुचेना.

"हलू नका! आजिबात हलू नका!" वरच्या शेतातून आवाज आला. डोक्यावरचा गवताचा भारा टाकून एक पन्नाशीची बाई पळत आली. मागून तिचे दोघे मुलगे आणि सुना. "लोंबकळा रं समदी ह्या अंगाला!" तिने फर्मावलं आणि पाचही जणं उजवीकडच्या लोखंडाला लटकली. चाक टेकलं.

"आता घ्या फुडं, दादा. हळू. लई हळू."

ती पाच माणसं लटकलेली असताना मी जीप इंच इंच पुढे काढली. पलीकडे सपाटीवर आल्यावर इंजिन बंद करून खाली उतरलो.

बाईचं नाव हौसाबाई. तिने जीपला एक फेरी मारली, वर पाहिलं आणि विचारलं, "डोक्यावर घर घिऊन कुटं निगाला हुता, बाबा?"

सगळे हसले. मीही हसलो. मालती हसली नाही. ती दगडावर बसून खरचटलेलं कोपर पुसत होती. मी जवळ गेलो.

"गाडी कलतेय ते तुला कळलं नाही का?"

"कळलं होतं. ओढ्यात उतरायच्या आधीच."

"मग ओरडली का नाहीस?"

कोपर पुसून झालं, मग म्हणाली, "काल स्प्रिंगांचं बोलले, तर आज संगमनेरपर्यंत तुम्ही तोंड उघडलं नाहीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्या खड्ड्यापेक्षा तिला माझा फुगलेला चेहरा जास्त अवघड वाटला होता. तो चेहरा मी आरशात कधी पाहिला नव्हता. ड्रॉईंगमध्ये तर तो नव्हताच.

मी पान्हा काढला. अठ्ठावीस बोल्ट होते. मजबुतीसाठी मीच ते दुप्पट लावले होते. हौसाबाईच्या थोरल्या मुलाने, किसनने, मदत केली, तरी ऊन उतरेपर्यंत वेळ लागला. चौकट आणि फळ्या खाली आल्या तेव्हा जीप केस कापलेल्या माणसासारखी हलकी दिसायला लागली. चौकटीसकट फळ्या आम्ही हौसाबाईला दिल्या. "गोठ्यात वैरण ठिवायला माळा व्हईल," ती खूश होऊन म्हणाली. एवढ्या विचाराने काढलेल्या माझ्या चित्राला शेवटी म्हशीची पसंती मिळाली.

त्या रात्री घाटघरला, त्यांच्या खळ्याच्या कडेला, चाचांची ताडपत्री जीपला बांधली आणि पुढे किसनने आणलेले दोन बांबू लावले. दहा मिनिटं लागली. हौसाबाईने पेंढा पसरला, नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी आणून दिली. मी पेंढ्यात काठी खुपसून विंचू शोधू लागलो. मालतीने बराच वेळ पाहिलं, मग उठून माझ्या हातातली काठी घेतली आणि स्वतः सगळा पेंढा झाडला. "नाहीये. झोपा आता."

घाटघरच्या कोकणकड्यावर सकाळी जा. वारा असा असतो की बोललेलं आपल्यालाच ऐकू येत नाही. तिथे उभं राहिल्यावर टपावरचा तंबू त्या रात्री असता तर आम्ही कुठल्या जिल्ह्यात उतरलो असतो, याचा मला अंदाज आला.

तर उत्तर असं. आताचे तंबू हलके आहेत, गाड्या रुंद आहेत, तुम्ही खुशाल घ्या. फक्त आडवाटेला जाण्याआधी टपावर किती वजन चालतं ते पाहून घ्या, आणि शेजारी बसणाऱ्या माणसाला विचारा. विचारून झाल्यावर ऐकासुद्धा.

रविवारी तिन्हीसांजेला नगरला परतलो. आमची गल्ली अरुंद, एका कडेने गटार. मी जीप भिंतीशी घेत होतो, तोच मालती ओरडली, "थांबा! डावीकडे गटार आहे!"

इतक्या मोठ्याने की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. "काय झालं हो?"

"काही नाही," ती म्हणाली. "गाडी लावतोय."

मी थांबलो. खाली उतरून पाहिलं. चाकापासून गटार चांगलं दीड हात लांब होतं. पुन्हा चढलो आणि ती सांगेल तेवढी गाडी उजवीकडे घेतली.