उभा पवित्रा

मेघना वैती अकराव्या वर्षी भोईवाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये हितेंद्र सरांपुढे पहिल्यांदा वाकली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं तिथंच राहिली. घर शिवडी कोळीवाड्यात. आई मासळी विकायची. कराटे शिकून पोरगी काय करणार, असं घरात कुणी विचारलं नाही. विचारायला सवड नव्हती. पांढरा पट्टा पिवळा झाला, पुढं तपकिरी, मग काळा. काळा मिळाल्यावर नवीन मुलांना शिकवायचं काम तिच्याकडं आलं. सर खुर्चीत बसायचे, ती आकडे मोजायची.

सरांचा एकच हट्ट होता, पवित्र्याचा. पुढचा गुडघा वाकवून इतकं खाली जायचं, की मांडी जमिनीला समांतर हवी. परीक्षेत सर गुडघ्यामागे स्वतःचं पाऊल लावून ढकलत. हलला तो नापास. मेघना कधी हलली नाही.

एकोणचाळिसाव्या वर्षी तिनं कोळीवाड्याच्या समाजमंदिरात वर्ग काढला. दुपारी चारला, बाजार आटोपलेल्या बायकांसाठी. तो सरांची शाखा व्हावा, अशी तिची फार इच्छा होती. त्यासाठी पहिली तुकडी सरांच्या परीक्षेत पास व्हायला हवी होती. सात बायका. सगळ्यांत मोठी राधाबाई, अठ्ठावन्न वर्षांची.

"पोरी," राधाबाईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पाटावर बसून मासळी कापण्यात गुडघे गेले. आणखी खाली बसवू नको गो."

मेघनानं पवित्रा वर घेतला. गुडघा जरासाच वाकवायचा, जोर कमरेतून आणायचा. डोक्यावर टोपल्या वाहिलेल्या बायका त्या. धक्का दिला तरी जागच्या हलत नव्हत्या. पाच महिने असे गेले.

मग सरांनी परीक्षेची तारीख दिली आणि मेघना घाबरली. शेवटचा आठवडाभर तिनं सातहीजणींना खाली बसवलं.

"एका दिवसापुरतं मावशी. सर गेले की आपलं आपण."

राधाबाई बसली. गुडघा टम्म सुजला. दोन दिवस बाजारातली तिची जागा रिकामी होती. मेघना तिच्या घरी गेली तेव्हा राधाबाई म्हणाली, "जेट्टीवर पाय घसरला." मेघनानं ते खरं मानलं नाही.

रविवारी सर आले. सातजणी खालच्या पवित्र्यात गेल्या. सर एकेकीला बघत राधाबाईपाशी पोचले. तिचा पाय थरथरत होता. सरांनी पाऊल उचललं.

"मावशी, वर ये," मेघना म्हणाली. "सगळ्याच वर या. आपला पवित्रा घ्या."

सर वळले. "आपला म्हणजे कुणाचा?"

"माझा, सर. पाच महिने हाच शिकवलाय. खालचा फक्त तुम्हाला दाखवायला होता."

सरांनी पाऊल खाली ठेवलं. "वयाची सवलत देतो. पट्टे घेऊ देत. सर्टिफिकेटवर तसं लिहीन."

"सवलत नको सर. ढकलून बघा. हलल्या तर नापास करा."

सरांनी ढकललं नाही. पट्ट्यांची पिशवी उचलली. मेघना पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या वर्गाच्या बोर्डावर माझं नाव नको."

"हो सर."

दोघीजणी पुन्हा आल्या नाहीत. त्यांतल्या कीर्तीला सरांच्या सहीचं सर्टिफिकेट हवं होतं. बाजारात मेघना दिसली की ती मान वळवते. उरलेल्या पाचजणींची परीक्षा तीन महिन्यांनी मेघनानंच घेतली. गुडघ्यामागे पाऊल लावून प्रत्येकीला ढकललं. एकही हलली नाही. चौघी पास झाल्या, राधाबाई नापास.

"पाय हलला काय माझा?"

"नाही."

"मग?"

"वार अडवताना डावा हात खाली पडतो तुझा. तोंड उघडं राहतं."

"ते कधी बंद असतं?" मागून कुणीतरी म्हणालं. चौघी हसल्या. राधाबाई हसली नाही.

"तुझा सर बरा होता," ती म्हणाली. "सवलत तरी देत होता."

मेघनानं तिच्या नावापुढं फुली मारली आणि कागद घडी करून ठेवला.

सोमवारी राधाबाई चारच्या आधीच आली. पिवळे पट्टे बांधलेल्या चौघींकडं न बघता, नवख्यांची जागा असते तिथं, रांगेच्या शेवटी उभी राहिली.