फिल्टरवरचे तुरटीबाबा

पाण्याचा पेला हातात दिला की तुरटीबाबा तो आधी उजेडाकडे धरत. कुणाचंही घर असो, कसलाही प्रसंग असो. लग्नाची बोलणी चालू असोत की कुणाच्या मयताला बसायला गेलेले असोत, हा माणूस पेला वर करणार, एक डोळा बारीक करणार, पेला जरा हलवणार आणि मग घरच्या बाईला सांगणार, "रांजन घासा, वैनी. बुडाला गाळ हाय." आता सांगा, कोणत्या बाईला हे खपेल? गावातल्या निम्म्या बायका त्यांच्यावर खार खाऊन होत्या. उरलेल्या निम्म्यांच्या घरी ते अजून गेले नव्हते, एवढंच.

गावाचं नाव मी सांगत नाही. नगरपालिकेत अजून ओळखीचे लोक आहेत. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली जिल्हा व्हायला पुष्कळ अवकाश होता. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. वडील वारले म्हणून मी कॉलेज बाजूला ठेवून टायपिंग शिकले आणि नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात हंगामी टायपिस्ट म्हणून लागले. घरी आई आणि दोन धाकटे भाऊ. खात्यात मी एकटीच बाई, त्यामुळे पाण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या सगळ्या बाया थेट माझ्या टेबलाशी येत. माझं तोंड तेव्हाही फटकळ होतं. एक ऐकवली की मी दोन ऐकवत असे.

तुरटीबाबा फिल्टरवर ऑपरेटर होते. फिल्टर म्हणजे गावाबाहेर टेकाडावर असलेलं पाणी शुद्ध करायचं केंद्र. नदीचं पाणी पंपाने वर यायचं, त्यात तुरटी पडायची, गाळ हौदात खाली बसायचा, मग ते वाळूतून गाळलं जायचं, त्यात जंतू मारायची ब्लीचिंग पावडर पडायची आणि मग गावाच्या टाकीत जायचं. तुरटीच्या लाद्या फोडून फोडून बाबांच्या हातांना पांढऱ्या भेगा पडल्या होत्या. नाव पडलं ते त्यावरून. खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं.

पाणी नितळ झालं की नाही हे बघायची त्यांची रीत त्यांचीच होती. काचेची बरणी भरून घ्यायची, तिच्यामागे जुनं वर्तमानपत्र धरायचं आणि पाण्यातून वाचायचं. बारीक अक्षर लागलं तर पाणी पास. चौथी शिकलेला माणूस, पण वर्तमानपत्र असं रोज वाचायचा. बातमी सहा महिन्यांची शिळी असली तरी त्यांना फरक पडत नसे. एकदा मला म्हणाले, "ताई, मथळा वाचून पानी सोडनारे लई हायेत. मी जाहिरात वाचतो." इंजिनिअर साहेब कधी आले तर यंत्र लावून बघायचे. बाबा बाजूला उभे राहून हसायचे, कारण यंत्राचा आकडा आणि त्यांची जाहिरात बहुतेक वेळा एकच सांगायची.

पावडरीच्या वासाच्या तक्रारी तर पाचवीला पुजलेल्या. चहाला वास, वरणाला वास, पाहुण्यांनी तोंड वाकडं केलं. मी चिडून फिल्टरवर जायचे, "बाबा, जरा कमी टाका ना, माझं डोकं उठवतात बाया!" ते शांतपणे म्हणायचे, "वास येऊन राहिला म्हंजे मी ड्युटीवर हाय असं सांगा त्यास्नी." कुणी भांडायला आलं तर त्यांचे दोनच शब्द ठरलेले असत, "बसू द्या." म्हणजे राग खाली बसू द्या, मग बोलू. समोरचा आणखी भडकायचा, तो भाग वेगळा.

टाकीत पाणी सोडायच्या आधी ते स्वतः तांब्याभर पीत, एक बिडी ओढत आणि मगच वाल्व्ह उघडत. मी एकदा विचारलं, ही काय पूजा आहे का? तेव्हा ते आपल्या गावाबद्दल पहिल्यांदा बोलले. आखाडा बाळापूरच्या पलीकडचं खेडं. घर बौद्ध. "लहान व्हतो तवा हिरीवर हात लावायची सोय नव्हती. कुनी वरून वतलं तर ओंजळ धरायची. सारं गाव भरून गेल्यावर आमचा लंबर. आता मी पिल्याबिगर एवढ्या गावाला थेंब न्हाई." हे त्यांनी बिडी विझवता विझवता सांगितलं आणि उठून वाल्व्हकडे गेले. आमच्या घरी ते कधी आले तर आई त्यांच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या पेल्यात पाणी द्यायची. ते त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. त्यांनी तोही पेला उजेडाकडे धरला, आईला गाळ दाखवला आणि पिऊन टाकला. मी काही बोलले नाही. मला अजून त्याची लाज वाटते.

आठ वर्षं ते हंगामी होते. फिल्टरच्या बाजूला ऑपरेटरसाठी दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, पण ते कायम माणसालाच मिळायचं, म्हणून त्याला कुलूप. बाबा पंपाशेजारी खाट टाकून राहात. बायको आणि दोन लेकरं गावाकडे. बंद क्वार्टरच्या दारात मात्र त्यांनी भेंडी आणि गवार लावून ठेवली होती. "कायम झालो की घरवालीला आन लेकरास्नी घेऊन येतो. पोरगी हुशार हाय, हितल्या शाळेत टाकतो." त्या वर्षी त्यांची फाइल एकदाची हलली. महालक्ष्म्यांनंतरच्या सभेत ठराव येणार होता. विषयपत्रिका मीच टाइप केली आणि त्यांना वाचून दाखवली. ते दोनदा "पुन्हा वाचा" म्हणाले.

आता मुख्य सांगते. महालक्ष्म्यांच्या आठ-दहा दिवस आधी बाबा ऑफिसात आले आणि कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहिलेली चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. तुरटी संपत आली, पाऊस लागून राहिला, लवकर मागवा. तुरटी नांदेडहून यायची, त्याला चार-पाच दिवस लागत. आदल्याच दिवशी हेडक्लार्कनी मला साध्या कागदावरची मागणी पुढे पाठवली म्हणून सगळ्यांदेखत झाडलं होतं. मी तो राग बाबांवर काढला. "नमुन्यात भरून आणा, तीन प्रतींत."

"फॉर्म द्या मंग."

फॉर्म छापखान्यातून यायचे होते. ते म्हणाले, "चिठ्ठी राहू द्या तुमच्यापाशी. फॉर्म आले की तुमीच भरा, मी सही करतो." फॉर्म दोन दिवसांनी आले. माझ्याकडे सभेचं टायपिंग, घरी महालक्ष्म्यांचं फराळाचं. चिठ्ठी पेपरवेटखाली राहिली. मध्ये एकदा बाबा विचारायला आले तर मी खेकसले, "तुमची एकटी तुरटीच आहे का मला?" ते "बरं" म्हणाले आणि गेले.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी वर कुठेतरी धो धो पाऊस पडला आणि नदी लाल होऊन आली. दुसऱ्या दिवशी जेवण. आमच्याकडे महालक्ष्म्या जेवतात म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. सोळा भाज्या, पुरण, आंबील, घरोघरी पन्नास-पन्नास पानं. आणि पहाटे नळाला टिपूस नाही! सातपर्यंत माझ्या दारात वीसेक बाया. आई पुरणाची डाळ कोरडीच पातेल्यात घेऊन बसलेली. तेवढ्यात शिपाई नगराध्यक्षांचा निरोप घेऊन आला. दहापर्यंत पाणी सोडलं नाही तर ऑपरेटरची फाइल सभेत येणार नाही, हे त्याला जाऊन सांगा.

मी सायकल काढली आणि चिखलातून फिल्टर गाठलं. बाबा वाल्व्हची लोखंडी चावी मांडीवर आडवी घेऊन बसले होते. गावातली दहा-बारा माणसं समोर उभी राहून शिव्या घालत होती. मी गेले तशी थेट ओरडले, "बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? सण आहे गावात! सोडा पाणी, वरून पावडर टाका दुप्पट!"

ते उठले. बरणी भरून आणली, मागे वर्तमानपत्र धरलं. "वाचा, ताई."

बरणीत चहा असावा तसा रंग. मी मान वाकडी करून, डोळे ताणून बघितलं.

"जाहिरात न्हाई म्हनत मी. मथळा वाचा."

"दिसत नाही."

"गाळ असल्यावर पावडर काम करत न्हाई. ती गाळातच मरती. हे पानी आंबिलीत जाईल, लेकरं पितील. हगवन लागली तर कुनाच्या दारी जाताल?"

"मग तुरटी टाका ना!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, पण डोळे हलवले नाहीत. "कुठून टाकू?" त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात ती चिठ्ठी आली. पेपरवेट, त्याखाली कॅलेंडरचं पान. भोवतीच्या माणसांना काही कळलं नाही. मी हळूच म्हणाले, "दहापर्यंत सोडलं नाही तर फाइल जाईल म्हणतात." ते खाली बसले, चावी पुन्हा मांडीवर घेतली. "जाऊ द्या. तुमी घरी जा. आडाचं पानी काढा, उकळून घ्या. आन सगळ्या बायांना तसंच सांगा."

दोन दिवस नळ बंद राहिले. गावाने महालक्ष्म्या आडाच्या पाण्यावर जेवू घातल्या आणि बाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नांदेडची तुरटी मी त्याच दुपारी तातडीची तार करून मागवली, म्हणून ती या वेळी दोन दिवसांत आली. नदीकाठच्या दोन-तीन खेड्यांत त्या पंधरवड्यात हगवणीने माणसं आडवी झाली. आमच्या गावात कुणी आजारी पडलं नाही, त्यामुळे त्याची कुठे नोंदही झाली नाही.

सभेत बाबांना बोलावलं. ते दाराशी टोपी हातात धरून उभे राहिले. मी कोपऱ्यात वही-पेन्सिल घेऊन टिपणं काढत होते. सगळे सभासद तापलेले, प्रत्येकाच्या घरी बायकोने ऐकवलेलं. अध्यक्षांनी विचारलं, "तुरटी का नव्हती?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चांगला वेळ पाहिलं. मी वहीत खाली मान घातली. चिठ्ठी मी पेपरवेटखालून काढून टेबलाच्या खणात टाकली होती, उठून आणायला दहा पावलं पुरली असती. माझी स्वतःची नोकरी हंगामी होती, घरी तीन तोंडं होती, हे सगळं खरं. पण त्या वेळी मी काही हिशेब केला नव्हता. मी भ्याले होते, बस्स.

"मागायला उशीर झाला," बाबा म्हणाले.

त्यांना कायम न करता महिनाअखेर कामावरून कमी करायचं ठरलं. ठराव मी टाइप केला. ऑपरेटरने तुरटीची मागणी वेळेत केली नाही, हे वाक्य माझ्याच बोटांनी उमटवलं, तीन प्रतींत.

ते निघाले त्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेले. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, आणि पिशवीत क्वार्टरच्या दारातली गवार. मी रडायलाच लागले. "बाबा, काहून सांगितलं नाही तुम्ही?"

"मला राग आला तुमचा. लई आला. आजबी हाय." त्यांनी पेटी बाजूला सारली आणि मला बसायला जागा केली. "मी वाट पाह्यली, ताई. म्हनलं आता तुमी बोलताल. तुमी बोलल्या न्हाई. मंग मी बोलून काय व्हनार व्हतं? ते म्हनले असते हा आपली चूक बाईवर ढकलून राहिला. न्हाईतर दोघांनाबी काढलं असतं. दोन चुली इझवून काय फायदा?"

"मी आता सांगते. लेखी देते."

"आता नगा. तुमच्या घरी लहान पोरं हायेत." बाळापूरची गाडी लागली. ते पेटी उचलून चढले, खिडकीतून वाकले आणि एवढंच म्हणाले, "नव्या मानसाची चिठ्ठी आली तर तशीच पुढं पाठवत जा. फॉर्मची वाट बघू नगा."

पुढच्या वर्षी मी कायम झाले. पेढे घेऊन बाळापूरला जायचं मनात आलं, पण कोणत्या तोंडाने जाणार? मग त्यांच्या गावचा एक माणूस दाखल्यासाठी ऑफिसात आला, त्याच्याकडून कळलं की बाबा गेले. शेवटपर्यंत दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जात. पोरगी सातवीनंतर घरीच बसली. हे ऐकून मी तशीच उठले आणि घरी गेले, त्या दिवशी परत ऑफिसात आले नाही.

हेडक्लार्क होऊन मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले, बाईंच्या टेबलावर कागद कधी पडून राहिला नाही. मी हार घालून घेतला आणि गप्प बसले. तेव्हाही गप्प बसले. म्हणून आता लिहिते. नगरपालिकेच्या कपाटात तो ठराव अजून असेल. कुणाला सापडला तर त्यातलं एक वाक्य खोडा. मागणी वेळेवर आली होती. ती माझ्याकडे होती.