हिरव्या पदराची वाकडी पाकळी

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि बायको जाऊन पाच महिने झाले होते. शाळेचं म्हणाल तर तिसरी. पण कापडाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला यावं, असा माणूस भाईंदरमध्ये तरी नव्हता. पूर्वेच्या एका गाळ्यात मी तेहतीस वर्षं कटिंग मास्तर होतो. माझ्या हातचं कापड कारागिराने परत आणून दिलंय, असं एकदाही झालं नाही.

ज्या उस्तादाकडे मी शिकलो, त्याचा एकच नियम होता. "कपड़ा मत घुमा, खुद घूम." लांब टेबलावर कापड पसरलं की ते हलवायचं नाही. आपण टेबलाभोवती फिरायचं. कापड उचलून फिरवलं की धागा सरकतो, आणि सरकलेला धागा डोळ्याला दिसत नाही. शिवल्यावर दिसतो.

बायको जाताना एक गोधडी अर्धी ठेवून गेली. आमच्या मुलीला लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले होते. आम्हा रत्नागिरीकडच्या लोकांत तान्ह्या बाळाला आधी नवं कापड लावत नाहीत. आजीचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं लावतात. म्हणून बायकोने आपल्याच साड्यांची गोधडी काढली. नऊ कमळं, एकेका कमळाला आठ पाकळ्या. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा साचा केला होता तिने. आठ कमळं झाली. मधलं राहिलं.

मधल्या कमळाचं कापडही तिने काढून ठेवलं होतं. हीच मुलगी पोटात असताना डोहाळजेवणाला नेसलेली हिरवी साडी. बाकीची साडी विरून गेली होती, पदर तेवढा उरला होता. मी साचा ठेवून मोजला. आठ पाकळ्या नेमक्या बसत होत्या. नववी निघाली नसती.

सून म्हणाली, "बाबा, मोबाईलवर एक फिरती मॅट बघितली मी. कापड तिच्यावर ठेवायचं आणि मॅटच फिरवायची. तुमच्या गुडघ्याला बरं पडेल."

"फिरवून कापायला हा काय वाढदिवसाचा केक आहे?" मी म्हणालो.

ती हसली आणि गेली. पण तिचं खरं होतं. आमचं जेवणाचं टेबल दोन बाजूंनी भिंतीला लागलेलं. तिसऱ्या बाजूला फ्रिज. फिरणार कुठे? आणि गुडघा तर उभंच राहू देत नव्हता.

तरी बसलो मी कात्री घेऊन. घरात कोणी नव्हतं. पहिल्या पाकळीची एक कड कापली, दुसरीही कापली. तिसऱ्या कडेला हात पोचेना. उठायचं सोडून मी कापडच फिरवलं. तेहतीस वर्षांत जे केलं नाही ते केलं. जुना पदर तो, साच्याखालून सरकला. कात्री पुढे गेल्यावर मला कळलं. पाकळी एका कडेला अर्ध्या बोटाने कमी भरली आणि टोक कुशीवर वळलं.



संध्याकाळी सुनेने ती बघितली. "ही अशी कशी झाली, बाबा?"

आता काय सांगायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "ती तुझ्या सासूनेच कापून ठेवली होती."

"आईंनी? त्यांचा तर टाकासुद्धा कधी वाकडा पडला नाही." मग तीच म्हणाली, "शेवटी शेवटी दिसत नसेल हो त्यांना." आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

खोटं बोलायला एक क्षण लागला. पण ते टाकलं होतं कोणावर, तर जिला आता "मी नाही कापली" असं म्हणता येत नव्हतं तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी मीच सुनेला म्हणालो, "चल, दाखव तुझी ती मॅट."

मीरा रोड स्टेशनजवळ शिलाईच्या सामानाचं दुकान आहे. तिथे दोन मॅट होत्या. एक गोल, गुलाबी, दिसायला छान. तिच्यावर रुमाल ठेवून फिरवली, तर हात काढल्यावरही ती फिरतच राहिली. कडेला अंगठा दाबला तर दुसरी बाजू उचलली गेली. दुसरी चौकोनी, फूटभराची, हिरवी. ती जरा जड फिरत होती, पण हात थांबला की तीही थांबत होती. चारही कोपरे दाबून बघितले, डुगडुगली नाही. मधोमध टाचणी उभी धरून फिरवली. टाचणी जागची हलली नाही.

दुकानदार कंटाळला. "चाचा, शादी के लिए लड़की देख रहे हो क्या?"

"लड़की को तो देखा भी नहीं था," मी म्हणालो. "सीधा मंडप में देखा."

सून तोंडावर पदर धरून हसली. मीही हसलो असेन. चौकोनी घेतली, आणि तिच्याबरोबर चालवायची गोल पात्याची सुरीही.

चार दिवस मी जुन्या लुंगीवर हात बसवला. कात्रीची सवय वाईट. मी वरून जोर द्यायचो आणि कापता कापता मॅटच फिरायची. मग कळलं, साच्याच्या कडेला लावलेल्या पट्टीवर डाव्या हाताचा पंजा दाबायचा आणि करंगळी बाहेर मॅटवर टेकवायची, म्हणजे ती जागची हलत नाही. पातं आपल्यापासून पुढे ढकलायचं. एक कड झाली की पट्टी उचलायची, मॅट हलकेच वळवायची, कापडाला बोटही लावायचं नाही. शेजारची गुजराती बाई दारातून बघून म्हणाली, "अंकल, खाखरा बनाते हो?" मी मान वर केली नाही.

त्या चार दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. उस्तादाचा नियम मोडत नव्हता. कापड जिथल्या तिथे पडून होतं. खालची जमीन तेवढी फिरत होती. सुनेचं मी आधीच ऐकलं असतं, तर ती पाकळी वाचली असती.

पाचव्या दिवशी उरलेल्या सात पाकळ्या कापल्या. एकीवर एक ठेवल्या, तर एकच पाकळी आहे असं वाटावं.

रविवारी मुलगी आली. आठवा महिना, जिना चढून धापा टाकत बसली. सुनेने सगळं पुढ्यात मांडलं आणि सांगितलं, "ह्या सात बाबांनी कापल्यात. आणि ही आईंनी. बघा, हात थरथरला असेल."

मुलीने ती वाकडी पाकळी उचलली. डोळ्यांना लावली.

"वहिनी, ही सरळ नका करू. अशीच लावा, मधोमध. आईचा शेवटचा हात आहे हा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही बोलला का नाहीत, बाबा? एकट्यानेच बघत बसला असाल ना हिच्याकडे?"

मी "हं" म्हणालो.

मनात आलं, राहू दे. तिला आधार वाटतोय तर वाटू दे, कोणाचं काय जातंय? पण बायकोची आठ कमळं मी कपाटातून काढली आणि चौसष्टही पाकळ्यांवर एकेक करून साचा ठेवून बघितला. एकही वाकडी नव्हती. शेवटच्या कमळाचीसुद्धा नाही, जे तिने खाटेवर बसून केलं. उद्या ते पोर मोठं होणार, त्याला सगळे सांगणार, ही बघ, तुझ्या आजीचा हात थरथरला ती पाकळी. तिचा हात थरथरलाच नव्हता. हात माझा होता, आणि मान वर करून मिरवायची सवयही माझीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच मी रिक्षा केली आणि बेव्हर्ली पार्कला मुलीकडे गेलो. मॅट काखेत, पाकळ्या आणि साचा खिशात. तिने दार उघडलं आणि घाबरलीच. "बाबा, काय झालं?" मी आत जाऊन तिच्या टेबलावर साचा ठेवला, त्याच्यावर ती वाकडी पाकळी ठेवली आणि म्हणालो, "बाय, ही मी कापली. तुझ्या आईने नाही. आता कुठे लावायची, ते तू सांग."