शीआत्याचा सिरियल नंबर

भाच्यांनी तिचं नाव शीआत्या ठेवलं, यात भाच्यांचा काही दोष नाही. कपाच्या कानात जुन्या चहाची तपकिरी रेघ दिसली की शी. कुणी बोट जिभेला लावून पान उलटलं की शी. दुसऱ्याच्या घरी ती खुर्चीत बसते तेव्हा पाठ आणि खुर्ची यांच्यात चार बोटांचं अंतर असतं. नाक तर इतकं मुरडलेलं, की तिच्या ओळखपत्रावरच्या फोटोतही काहीतरी जळल्याचा वास येतोय असं वाटावं.

एवढी सोवळी बाई पोटासाठी काय करते? तर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, आठ टेबलांच्या छोट्याशा कारखान्यात बटणं बनवते. शर्टाची नव्हेत, ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांनी पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायची बटणं. प्रत्येकाच्या पोटात नखाएवढी चिप असते आणि त्या चिपला चारचौघांत बोलायला शिकवणं हे आत्याचं काम. यूएसबीची वायर जोडली, की कॉम्प्युटर गेटवरच्या वॉचमनसारखा विचारतो, ‘तू कोण? कुणाकडचा? काम काय? वीज किती खाणार?’ पटापट उत्तरं दिली तर आत, त-त-प-प केलं तर बाहेर. ही उत्तरं एका सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेली असतात. कंपनीचा क्रमांक, मालाचा क्रमांक, ‘मी कीबोर्ड आहे’ अशी कबुली, वीज किती ते, आणि शेवटी त्या एकट्या नगाचा स्वतःचा सिरियल नंबर.

या धंद्यात ही फाइल कुणी कोऱ्या पानापासून लिहीत नाही. कुठूनतरी नमुना उचलायचा, दोन ओळी बदलायच्या आणि पुढे ढकलायचं. आत्याला याची मनस्वी किळस. “लोकांचं उष्टं खाता तुम्ही!” ती शेजारच्या टेबलावरच्या इंजिनीअरला सुनवायची. “बघा हे. एवढंसं बटण आणि मागतंय पाचशे मिलिअँपिअर. बटण आहे की पहिलवान? आणि हे दुसरं, छातीठोकपणे सांगतंय की मी प्रिंटर आहे!”

“चालतंय ना मॅडम?” इंजिनीअर म्हणायचा.

“चालतं तर झुरळसुद्धा!”

झुरळाचा विषय उगाच निघत नसे. तपासणीच्या कॉम्प्युटरला समोर दोन पोर्ट होते. डाव्या पोर्टात एकदा याच इंजिनीअरचा गोड चहा सांडला. दुसऱ्या दिवशी तिथे एक झुरळ मिशा हलवत आत गेलं आणि बाहेर येताना त्याला कुणीही पाहिलं नाही. तेव्हापासून आत्याने डावा पोर्ट वाळीत टाकला. उजवा स्पिरिटने पुसायचा, एक बटण लावायचं, तपासायचं, काढायचं, पुन्हा पुसायचं, मग पुढचं. गेली दोन वर्षं तिच्या हाताखालून गेलेला प्रत्येक नग असा एकेकटाच तपासून गेला होता.

आत्याचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, अठ्ठावीस वर्षं सभांची भाषणं ऐकून टाइप करायचा. तीन वर्षांपूर्वी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि दादा घरी बसला. घरी बसलेला माणूस काय करतो? कुकरच्या शिट्ट्या मोजतो. वहिनी भांडं पाडते तेव्हा “हं, चौथं,” म्हणतो. वहिनी एकदा आत्याला म्हणाली, “वन्सं, यांना माझ्यासाठी नको, पण माझ्या भांड्यांसाठी तरी काम शोधा.” पण दादा रात्री जेवताना गप्प असायचा, ते आत्या पाहत होती. हसण्यावारी नेण्यातलं ते नव्हतं.

मग एका कार्यालयाची जाहिरात आली. ध्वनिमुद्रण ऐकून लिहिणारा माणूस हवा, परीक्षा दोन तासांची, स्वतःची साधनं आणायला हरकत नाही. डाव्या हाताने दादा अजूनही झरझर टाइप करायचा. आवाज थांबवायला आणि चालू करायला आत्याने त्याला पायाचं पेडल आधीच करून दिलं होतं. आता दोन वाक्यं मागे जायला कोपराचं बटण हवं होतं, म्हणजे हात कीबोर्डवरून उचलायला नको. ते लवकर झालं असतं, पण बटणाच्या पहिल्या डबीच्या डिंकात कुणाचा तरी केस निघाला आणि दुसरीवर बोटांचे तेलकट ठसे. शी. तिसरी डबी पसंत पडली ती परीक्षेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचला. उजवा पोर्ट पुसला, बटण लावलं, फाइल भरली, चाललं. दादाने ते पाहिलं थेट परीक्षेच्या टेबलावर.

साधनं लावून द्यायला आत्या दादा-वहिनीबरोबर गेली. कार्यालयाच्या गेटवर वॉचमनने तिची पर्स उघडली. “बाटली आत नेता येणार नाही, बाई.”

“अहो, स्पिरिट आहे. हात पुसायचं.”

“तेच तर. पेटतं.”

बाटली गेटवर राहिली. अर्धी आत्याच गेटवर राहिली म्हणा.

दहाला परीक्षा सुरू झाली. दादाने पेडल जोडलं, आवाज सुरू झाला. कोपराचं बटण जोडलं आणि पेडल मेलं. पेडल काढून लावलं, बटण गेलं. दोघांपैकी एकच आत. दुसऱ्याला दार बंद.

आत्या तावातावाने पुढे झाली. टेबलावरचा कीबोर्ड तिने पाहिला मात्र, तिचा संताप उफाळून आला. “यात काय चालणार आहे, कपाळ? या पोर्टात बोटभर धूळ आहे! कधी पुसलंय का हे? शी शी शी! असल्या उकिरड्यावर माणसांची परीक्षा घेता?”

परीक्षेवरच्या बाई शांत होत्या. त्यांनी चष्मा वर केला. “आमच्या मशीनचा दोष असेल तर मी तसं लिहून देते. यांना दुसरी तारीख मिळेल, पुन्हा पूर्ण दोन तास. तुमच्या साधनाचा दोष असेल तर मात्र वेळ जाईल तो यांचा. नियम आहे. सांगा, काय लिहू?”

दादा आत्याकडे पाहू लागला. सगळी खोलीच पाहू लागली. मशीन इतकं घाण होतं, की शपथ घेऊन सांगितलं असतं तरी कुणी शंका घेतली नसती.

आणि नेमकं तेव्हाच आत्याला आठवलं. काल पाच वाजता घाईत तिने फाइल कुठून घेतली? पेडलची उचलली. स्वतःचं उष्टं हे काही उष्टं नव्हे, असं वाटलं असावं. मालाचा क्रमांक तोच, सिरियल नंबरही तोच. कॉम्प्युटरमधल्या वॉचमनसमोर एकाच नावाची, एकाच घरची दोन माणसं उभी होती आणि तो म्हणत होता, ‘तुम्ही तर मघाशीच आत गेलात.’ दोन्ही एकदम लावून पाहिली असती तर कालच कळलं असतं. पण त्यासाठी डाव्या पोर्टाला हात लावावा लागला असता.

तिला स्वतःचीच जी किळस आली, तशी झुरळाचीही कधी आली नव्हती.

“मशीन घाण आहे,” ती म्हणाली, “पण चूक माझी आहे.”

“छोटे,” दादा दात आवळून म्हणाला, “पंचवीस मिनिटं गेली आहेत माझी.”

“माहीत आहे. पाच मिनिटं अजून दे. तोवर नुसत्या पेडलवर रेट.”

ही बटणं तिने शहाणपणाने बनवली होती. दाबून धरून जोडलं, की ती पेनड्राइव्हसारखी उघडतात आणि आतली फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर बदलता येते. परीक्षेच्या मशीनवर पेनड्राइव्ह चालत नव्हते. मोकळं मशीन एकच होतं, गेटवरचं.

तो कीबोर्ड वर्णन करण्यासारखा नाही, पण करायलाच हवा. वॉचमन दहा वर्षं त्यावर डबा खात होता. कळांच्या मधून तुकडे, तुकड्यांवर तेल, तेलावर केस, आणि एका कोपऱ्यात कापलेल्या नखांची चंद्रकोर. आत्याने बाटलीकडे पाहिलं. बाटली कुलपात, किल्ली साहेबांकडे, साहेब बाहेर.

“रुमाल देऊ का?” वॉचमनने खिशातून काढलेला रुमाल पाहून आत्याने डोळे मिटले.

“नको, भाऊ. रुमाल तर अजिबात नको.”

तिने श्वास रोखला आणि दहाही बोटं त्या चिखलात घातली. फाइल उघडली, सिरियल नंबर पुसला, नवा लिहायला घेतला. चार दाबला. सात दाबला, तर सात खालीच बसला, वर येईना. पडद्यावर सातांची रांग लागली.

“तो तसाच आहे,” वॉचमन कौतुकाने म्हणाला. “नखाने उचलायचा.”

तिने नखाने उचलला. नखाखाली काय आलं ते पाहिलं नाही. एकूण आठ आकडे होतील एवढेच सात रांगेत ठेवले, बाकीचे खोडले. जगात दुसऱ्या कुठल्या बटणाचा हा नंबर निघणार नाही याची खात्री होती. जतन केलं आणि धावली.

दोन्ही साधनं शेजारी शेजारी लागली आणि चालली. दादाने मान वर केली नाही. पाय, कोपर आणि पाच बोटं, तिन्ही एका तालात चालू झाली. आत्या भिंतीशी उभी राहिली, हात अंगापासून लांब धरून, ओला रंग लागल्यासारखे.

बारा वाजले तेव्हा दादाची दोन पानं बाकी होती. “वाढीव वेळ?” वहिनीने दारातून डोकावून विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. त्या पानं चाळत होत्या. एका पानावर थांबल्या, हेडफोन लावून तेवढा तुकडा ऐकला. “इथे तिघे एकदम बोलतायत. बाकीच्यांनी टिंबं दिली आहेत. तुम्ही तिघांना वेगवेगळं लिहिलंत.”

“अठ्ठावीस वर्षं तेच ऐकलं,” दादा म्हणाला. “घरी तर दोघीच बोलतात. सोपं झालं.”

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. अर्धा दिवस काम, सोमवारपासून.

सोमवारी आत्या साधनं लावून द्यायला गेली. त्याला दिलेलं टेबल खिडकीशी होतं, उजेड चांगला. दादा रुबाबात बसला. पेडल ठेवायला म्हणून आत्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. वरच्या फळीला, बरोबर दादाच्या गुडघ्याशी, कुणीतरी वर्षानुवर्षं चघळून चिकटवलेला च्युइंगमचा थवा लटकत होता. एकावर तर दातांचे ठसे होते.

“काय झालं?” दादाने विचारलं. “राहू दे गं. दिसतंय कुणाला?”

आत्याने पर्समधून खरवडायला स्टीलची पट्टी काढली, पदर कमरेला खोचला.

“पाय वर घे,” ती म्हणाली, आणि टेबलाखाली शिरली.