आबांनी पाहिलेली एकच मॅच

मी स्टॉपर होतो. म्हणजे आपल्या गोलच्या पुढ्यात उभं राहायचं आणि समोरचा जो कोणी चेंडू घेऊन येईल त्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. चौदा वर्षं मी पगार घेऊन हेच काम केलं. आधी गोव्यात आणि कोलकात्यात, मग नेपाळ, मालदीव, भूतान. कुठल्याच संघात दोन-तीन हंगामांपलीकडे टिकलो नाही. नाव असं कधी झालं नाही, पण दर वर्षी कुणाला ना कुणाला एक स्टॉपर हवा असायचा आणि मला फोन यायचा.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. गावात कुस्ती, क्रिकेट आणि बैलगाड्यांच्या शर्यती; फुटबॉल कुणी खेळत नव्हतं. मला तो नाद लागला दौंडला. पाचवीपासून मी तिथं मामांकडे शिकायला होतो. मामा रेल्वेत फिटर होते, आणि ड्युटी संपली की त्यांच्याबरोबरची माणसं कॉलनीच्या मैदानावर फुटबॉल खेळायची. मी उंच होतो म्हणून त्यांनी मला मागे उभं केलं, तो मागेच राहिलो.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काम नेमकं काय आहे ते कधी उमगलं नाही. त्यांची शेती उसाची आणि कांद्याची. बैल पारखण्यात मात्र त्यांचा हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता. बाजाराला जाताना लोक त्यांना मुद्दाम गाडीत घालून न्यायचे. मी सुट्टीला घरी आलो की त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे.

"तू गोल करतोस का?"

"क्वचित कधी."

"मग पळून दुसऱ्याला बॉल देतोस?"

"ते पण कमीच, आबा."

"मग पगार कशाचा देत्यात?"

"काही होऊ नये म्हणून देतात," मी म्हणायचो. त्यावर ते मान हलवायचे आणि पुढच्या सुट्टीत तोच प्रश्न पुन्हा विचारायचे.

मालदीवमधल्या माझ्या दुसऱ्या हंगामात एक दिवस त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "मी येतो तिकडं. बघतो तरी काय हाय ते." पुण्याला जाऊन त्यांनी पासपोर्ट काढला आणि साठी उलटून गेल्यावर आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. माले विमानतळावर बाहेर आले ते धोतर, टोपी आणि हातात एक पिशवी. भेटल्याबरोबर विचारलं, "हे सगळं पाण्यात उभं हाय, मग प्यायचं पाणी कुठनं आणत्यात?"

"समुद्राचंच. मीठ काढून नळाला सोडतात."

खोलीवर पोचल्यावर त्यांनी नळाखाली पेला धरला, एक घोट घेतला, थोडं थांबून दुसरा घेतला. "गोड हाय की. पर काढलेलं मीठ कुठं टाकत्यात?"

तिथं राहून मला दीड वर्ष होत आलं होतं. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमच्या संघाचा गोलकीपर खालच्याच मजल्यावर राहायचा, तिथलाच माणूस. त्याला जाऊन विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा त्याला बरोबर घेऊन भाजीबाजारात गेले. गोलकीपरला सिनेमांमुळे हिंदी येत होती आणि आबांना जवळच्या सणसवाडीच्या कारखान्यांतल्या परप्रांतीय कामगारांमुळे, त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं. एका गाळ्यावर आबांनी कांदा उचलला, वरचा पापुद्रा काढला, वास घेतला आणि म्हणाले, "हा आपल्याकडचा गरवा हाय, उन्हाळी कांदा." गाळेवाल्यानं कांदा भारतातून येतो म्हटल्यावर ते दिवसभर खुशीत होते.

मॅच दोन दिवसांनी होती, संध्याकाळची. मी त्यांना मधल्या रांगेत बसवून आत गेलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आबांना काहीतरी खायला दिलं, हे मला मैदानातूनही दिसलं; पातळ चिरलेली सुपारी होती ती, आबांनी नंतर सांगितलं. पुढचा दीड तास मात्र मी वर पाहिलंच नाही. समोरचा फॉरवर्ड विशीतला होता आणि वाऱ्यासारखा पळायचा. असल्या माणसाशी शर्यत लावायची नसते. तो कुठं जाणार ते ओळखून आधीच तिथं जाऊन उभं राहायचं असतं. तेवढं मी केलं. मॅच शून्य-शून्य सुटली आणि स्टॉपरला यापरता चांगला दिवस नसतो.

बाहेर आलो तर आबा गेटपाशी थांबले होते.

"दोघांलाबी काही मिळालं न्हाई, तरी लोक टाळ्या वाजवीत हुते," ते म्हणाले. "त्या शेजारच्या बाबानं सांगितलं, तुम्हारे बेटे ने बचाया म्हणून."

"कशी वाटली मॅच?"

"मॅच मी कुठं बघितली? तुलाच बघत हुतो." मग चालता चालता, आवाज न वाढवता, त्यांनी विचारलं, "उजवा गुडघा कवापासनं दुखतोय?"

माझे पायच थांबले. हंगामाच्या सुरुवातीपासून तो दुखत होता. मी गोळी घेऊन, मोज्याखाली पट्टा बांधून खेळत होतो. डॉक्टरला, कोचला, कुणालाच सांगितलं नव्हतं. बाहेरच्या देशातला खेळाडू खेळू शकत नसेल तर त्याला ठेवून कोण घेणार?

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पळताना कळत न्हाई. थांबताना कळतं. समदा भार डाव्या पायावर घेतोस. बैलाचं बी तसंच असतं, चालवून न्हाई, थांबवून बघावा."

"आबा, कुणाला बोलू नका. दोनच महिने राहिलेत."

"मी कुणाला बोलू? मला इथली भाषा तरी येती का?" एवढं म्हणून ते पुढे चालू लागले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ते परत गेल्यावर मला एकाच गोष्टीनं छळलं. बैल पारखणाऱ्या माणसाला एका मॅचमध्ये दिसलं, तर जे माझ्याबरोबर रोज खेळतात त्यांना दिसलं नसेल? शेवटी मी गोलकीपरला विचारलं. तो हातमोजे वाळत घालत होता.

"माहीत आहे की," तो म्हणाला. "तू वळायला हळू झालास. म्हणून मी हल्ली दोन पावलं पुढे उभा राहतो, तुझ्यामागे सुटलेला बॉल मला गाठता यावा म्हणून."

"आणि डोक्यावरून गोल झाला असता तर?"

"तर मला शिव्या बसल्या असत्या."

आमच्यावर एक गोल तसाच झाला होता, आधीच्या महिन्यात. गोलकीपर फार पुढे आला म्हणून पेपरात त्याला नावं ठेवली होती, आणि ड्रेसिंग रूममध्ये मीही त्याच्यावर ओरडलो होतो. त्यानं उलट एक शब्द काढला नव्हता. त्या आठवणीनं मला तोंड लपवायला जागा सापडेना. त्याच दुपारी मी कोचकडे जाऊन सगळं सांगून टाकलं.

गुडघ्यातली गादी फाटली होती. क्लबनं चांगल्या शब्दांत निरोप दिला, कुणाचीच काही चूक नव्हती. पुण्यात ऑपरेशन झालं आणि मी आठ महिने गावाला राहिलो. सकाळी आबा मला बांधाबांधानं चालवायचे आणि मधेच म्हणायचे, "थांब." मी थांबलो की पायांकडे बघायचे. एके दिवशी त्यांनी मान डोलावली, त्या आठवड्यात मी सराव सुरू केला. त्यानंतर भूतानमध्ये दोन हंगाम खेळलो. थोडा हळू, पण कुणापासून काही न लपवता. मग स्वतःहून सोडलं. आता दौंडमध्ये शाळांच्या संघांना शिकवतो.

कोचला सांगितलं त्याच दिवशी मी गोलकीपरची माफी मागितली होती. तो नुसता हसला होता. आता तो एका प्रवासी बोटीवर कामाला आहे, अधूनमधून फोन करतो आणि आधी आबांची चौकशी करतो.

त्या प्रकरणानंतर मला एक खोड लागली. जुन्या साथीदारांना, ज्यांच्याविरुद्ध खेळलो त्यांनाही, मी फोन करून विचारतो, माझ्याबद्दल तुम्हाला काय माहीत होतं जे मला माहीत नव्हतं? काठमांडूचा एक फॉरवर्ड म्हणाला, "तू धक्का मारायच्या आधी ओठ चावायचास. मी ओठाकडेच बघत असायचो." गोव्यातल्या एकानं सांगितलं की हरल्यावर मी बसमध्ये झोपेत मराठीत ओरडायचो, आणि सगळे ऐकत बसायचे.

थिंफूच्या आमच्या कॅप्टनला विचारलं तर त्यानं आधी मी पुन्हा कधी येणार ते विचारलं. मग म्हणाला, "हे फोनवर नको. इकडे आलास की सांगतो."

अजून जायला जमलेलं नाही. आबा मात्र दर पंधरा दिवसांनी विचारतात, "काय असंल रं ते?"