दादाच्या वाटचे दहा मणी

आमच्या घरात तेर्स, म्हणजे रोजची माळेची प्रार्थना, चुकवायची सोयच नव्हती. दिवेलागणीला क्रुसाखालच्या आल्तारापुढं गुडघे टेकायचे, मग गोठ्यात गाय का व्यायेना, उठायचं न्हाई. माळेचे पाच भाग, दहा-दहा मण्यांचे. पहिला नि शेवटचा बाबाचा, दुसरा आईचा, तिसरा दादाचा, चौथा माझा. ज्याची पाळी त्यानं ‘नमो मरिया’ म्हणत अर्धी प्रार्थना सांगायची, नि बाकीच्यांनी ‘पवित्र मरिये’ म्हणून उरलेली अर्धी पुरी करायची. एकानं हाक मारायची, घरानं ओ द्यायची.

दादा आईच्या पोटात होता तेव्हाच बाबानं त्याला देवाला देऊन टाकला होता. विचारायचं कुणाला? दहावी झाली नि पाद्री व्हायला सेमिनारीत धाडला. त्या रविवारपासून बाबा चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायला लागला, जसा काही पाद्र्याचा झगा यालाच मिळणार होता!

काही वर्षांनी एका दुपारी दादा ट्रंक घेऊन रामनगरच्या बसमधून उतरला. दारातच म्हणाला, “बाबा, मला देवाचं बोलावणं आलंच न्हाई. तुझंच बोलणं मी देवाचं समजत होतो.”

“तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं,” एवढंच बोलून बाबा आत गेला. आईनं तर मयत झाल्यासारखा गळा काढला. शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, “अगो, पोरगं जितं घरला आलं न्हवं? मग रडतीस कशाला?” त्या दिवशी आमच्या दारात अक्कल फक्त तिलाच होती.

संध्याकाळी दादाची पाळी आली. त्यानं अर्धी प्रार्थना सांगितली, नि बाबानं हात वर केला. “गप ऱ्हावा सगळी. देवाला पाठ दावलेल्याला ह्या घरात ओ मिळायची न्हाई.”

मी नववीत होते, डोकं तापट. मुद्दाम मोठ्यानं ‘पवित्र मरिये’ म्हटलं. बाबानं अशी थोबाडीत दिली की माझ्या हातातली माळ उडून चुलीपाशी पडली. आई ओठ मिटून खाली बघत बसली. तिला माती दिली तरी मी तिला ते माफ केलेलं न्हाई. आणि दादा? दहाही वेळा दोन्ही अर्ध्या त्यानं एकट्यानंच म्हटल्या.

मग तो रामनगरला गॅरेजात लागला. दिवसभर ट्रकखाली पडून राहायचा, हाताला ग्रीस घेऊन तेर्साच्या वेळेला बरोबर घरी यायचा, गुडघे टेकायचा, नि स्वतःच हाक मारून स्वतःच ओ द्यायचा. कशासाठी? आज न्हाई तर उद्या उत्तर मिळेल म्हणून. येडा! पावसाळाभर वाट बघितली त्यानं. एका संध्याकाळी बस आली, दादा आला न्हाई. एका ट्रकाबरोबर गोव्याला गेला नि तिकडंच राहिला. बाबानं दुसऱ्या भागावरून सरळ चौथ्यावर उडी मारली, ती रोजचीच झाली. आईच्या मातीला दादा आला, मूठभर माती टाकली, घराकडं न वळता गेला.

आता घरात मी नि बाबा. आईचा भागही बाबाच सांगतो. बाबाला दमा. गेल्या उपासाच्या दिवसांत ऐन तेर्साच्या वेळी दादाचा फोन आला. मी काही न विचारता स्पीकर लावून मोबाईल आल्तारावर ठेवला. दुसरा भाग संपला, नि फोनमधून त्याची ‘नमो मरिया’ सुरू झाली. स्वतःची पाळी ध्यानात होती त्याच्या! त्याचं अर्धं झालं, मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबानं हात लांबवून फोन कापला.

“चौथा,” तो म्हणाला.

“मी सांगणार न्हाई.”

मग त्यानंच माझ्या वाटचा भाग सुरू केला. अर्धं म्हणून थांबला. मी गप्प. परत म्हणाला, परत थांबला. दोन्ही अर्ध्या म्हणायला त्याला श्वास पुरेना, छाती घरघरायला लागली. “म्हण गं पोरी,” म्हणाला.

“तूच म्हण,” मी म्हटलं. “दादानं म्हटलं न्हवं?”

सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई, असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी बाबानंच मोबाईल आणून आल्तारावर ठेवला. “लाव,” म्हणाला. मी लावला. दादानं उचलला न्हाई.

तेव्हापासून आम्ही रोज लावतो. घंटी वाजत राहते नि बंद होते. मग दादाच्या वाटची ‘नमो मरिया’ बाबा स्वतः म्हणतो नि मोबाईलकडं बघत थांबतो. त्याच्या बाकीच्या भागांना मी ओ देते. त्या भागाला देत न्हाई.